अलियाला निघालेल्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा: तिथे कोणता आधार मिळतो आणि तो कसा वापरावा

प्रश्न ठाण्यातल्या एका आईचा आहे. कुटुंब येत्या वर्षी अलिया करणार आहे, म्हणजे इस्रायलला कायमचं राहायला जाणार आहे. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. नात्यातलाच एक मुलगा तिथे गेल्यावर शाळेतून सुटला, रात्र रात्र बाहेर राहू लागला, हे ऐकल्यापासून त्यांना धास्ती वाटते. 'अशा मुलांसाठी आणि नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी ज्यू समाजाच्या आणि सरकारच्या खूप योजना आहेत म्हणतात. त्यांचा खरंच उपयोग होतो का? आणि आम्ही काय करायचं?' असं त्यांनी विचारलं आहे.

उपयोग होतो. माझी सगळी नोकरी दक्षिण इस्रायलमधल्या गावांत, नव्याने आलेल्या घरांतल्या मुलांबरोबर गेली आहे, त्यामुळे हे मी खात्रीने सांगते. पण सगळ्या योजना सारख्या नाहीत, आणि त्या पारखायची माझी एकच कसोटी आहे: ही योजना आई-बापाला घरात उभं ठेवते, की मुलाला त्यांच्यापासून बाजूला काढते? लोकांना वाटतं मुलगा हिब्रू न आल्यामुळे भरकटतो. हिब्रू तर मुलांना फार लवकर येते. मुलगा भरकटतो तो घरातल्या मोठ्यांचा शब्द चालेनासा होतो तेव्हा, आणि स्थलांतरात हे इतकं हळूहळू होतं की घरच्यांच्या लक्षात येत नाही.

सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. विजेच्या बिलाबरोबर एक पत्र येतं, ते मुलगा वाचतो. बँकेत बाबांबरोबर मुलगा जातो. दवाखान्यात आईचं दुखणं डॉक्टरांना तोच समजावतो, आणि जे आईने मुलासमोर कधी बोललं नसतं तेही त्याला ऐकावं लागतं. मग शाळेतून बोलावणं येतं. शिक्षिका सांगते की हा दोन आठवडे शेवटच्या तासांना बसत नाही, आणि दुभाषा म्हणून तोच शेजारी बसलेला असतो. तो आईला सांगतो, 'सगळं छान चाललंय म्हणतात.' यात मुलगा लबाड आहे असं मी म्हणणार नाही. चौदाव्या वर्षी एवढी सत्ता हातात आली तर कुणीही हेच करेल. तिकडे मुंबईत ऑफिसात दहा माणसं हाताखाली असलेले बाबा गोदामात पाळ्या करत असतात, घरी आल्यावर फारसं बोलत नाहीत. अशा घरात मुलाला 'कुठे होतास?' असं विचारणारा आवाजच हळूहळू बारीक होत जातो.

आज ज्या योजना दिसतात त्यांचं मूळ युथ अलियात आहे, म्हणून तिचा इतिहास थोडा सांगते. बर्लिनमध्ये रेखा फ्रायर या बाईंनी ती उभी केली. संस्थेची नोंदणी झाली ३० जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच दिवशी. नोकऱ्या नाकारल्या जाणाऱ्या ज्यू किशोरांना गटाने पॅलेस्टाइनमध्ये न्यायचं, किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीत ठेवायचं, अर्धा दिवस शिक्षण आणि अर्धा दिवस शेतीकाम, अशी कल्पना. जेरुसलेममध्ये हेन्रिएटा सोल्ड यांनी काम हातात घेतलं. पहिला गट १९३४ मध्ये एन हरोदला पोहोचला. पुढे युद्धात अनाथ झालेली मुलं आली. पोलंडमधून रशियामार्गे इराणला पोहोचलेली 'तेहरानची मुलं' १९४३ च्या फेब्रुवारीत आली, तीही कराची बंदरावरून, कारण इराकमधून जायला परवानगी मिळाली नव्हती. ही मुलं आई-बापांवाचूनच आली होती. त्यांच्यासाठी वसतिगृह, गट, त्यांना सांभाळणारा मद्रिख आणि घराची आई म्हणून नेमलेली बाई हेच घर होतं. त्या काळात हे अगदी योग्य होतं, आणि हजारो मुलं त्यामुळे जगली.

अडचण पुढे आली. आई-बाप जिवंत असलेल्या, त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांसाठीही तोच साचा वापरला गेला.

इथिओपियाहून आलेल्या ज्यू कुटुंबांचं उदाहरण तुम्ही नीट समजून घ्या, कारण आज इस्रायलमध्ये जी काही चांगली कामं दिसतात त्यातली बरीचशी त्याच अनुभवातून शिकून झाली आहेत. १९८४ च्या अखेरीस 'ऑपरेशन मोझेस'मध्ये सुदानमार्गे सुमारे आठ हजार माणसं आणली गेली. सुदानपर्यंतच्या पायी प्रवासात आणि तिथल्या छावण्यांत हजारो दगावली. मग मे १९९१ मध्ये 'ऑपरेशन सॉलोमन'मध्ये छत्तीस तासांत चौदा हजारांहून जास्त. पहिल्या खेपेतली पुष्कळ किशोरवयीन मुलं एकटीच आलेली, त्यांना युथ अलियाच्या वसतिगृहांत ठेवणं भागच होतं. पण जी कुटुंबासह आली त्यांनाही बहुतेक तिथेच पाठवलं गेलं. मुलांना हिब्रू नावं दिली गेली. सुट्टीत ती घरी येत तेव्हा वडिलांच्या अम्हारिक बोलण्यावर हसत. गावाकडे ज्या वडीलधाऱ्यांच्या शब्दाने भांडणं मिटत, 'केस' म्हणवल्या जाणाऱ्या ज्या धर्मगुरूंच्या शब्दाने लग्नं ठरत, त्यांना इथे कुणी काही विचारत नव्हतं. पुढच्या वर्षांत या समाजातल्या मुलांची शाळागळती आणि पोलिसांशी येणारे संबंध यावर खूप चर्चा झाली, आणि बोट नेहमी कुटुंबाच्या 'मागासपणा'कडे दाखवलं गेलं. वर्णभेद त्यात होताच, तो नाकारता येणार नाही. पण ज्या व्यवस्थेने घरातल्या मोठ्यांना निकामी ठरवलं, तिनेही त्या मुलांचं मोठं नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे.

आपल्या समाजाने हे आधीच भोगलं होतं. १९५० च्या दशकात आलेल्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू कुटुंबांतले वडील रेल्वेत, गोदीत, गिरणीत, सरकारी कचेरीत काम करून आलेले. इथे बीरशेबासारख्या ठिकाणी त्यांच्या हातात जे काम आलं आणि जी वागणूक मिळाली, तिला कंटाळून १९५१ मध्ये तेल अवीवमध्ये, अलियाची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं गेलं, आणि १९५२ मध्ये सुमारे दीडशे जण भारतात परत गेले. त्यातले बरेच नंतर पुन्हा आले. मग १९६२ मध्ये लग्नाच्या वेळी आपल्या माणसांच्या वंशाची अनेक पिढ्या मागे जाऊन चौकशी करण्याचा मुख्य रब्बींचा आदेश निघाला, आणि १९६४ च्या आंदोलनानंतर सरकारने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं स्पष्ट केलं. त्या दोन वर्षांत दिमोनात, लोदमध्ये, रामलेत जी मुलं दहा-बारा वर्षांची होती त्यांनी काय पाहिलं, याचा विचार करा. बापाच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली जात होती. मुलांना वाचवलं ते कुठल्या योजनेने नाही. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, आपल्याच चालीत प्रार्थना चालणाऱ्या सिनेगॉगनी वाचवलं. मलिद्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या गोड पोह्यांच्या ताटाभोवती सगळे बसत, बाबा किंवा आजोबा एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव घेत, आणि त्या वेळी घरातला जाणता कोण याबद्दल कुणालाच शंका नसे.

याच काळात एका माणसाने वेगळ्या बाजूने तीच गोष्ट दाखवली. रूवेन फॉयरश्टाइन हे रोमानियात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ युथ अलियासाठी मोरोक्कोतल्या मुलांची तपासणी करत. नेहमीच्या बुद्धिमापन चाचण्यांत ही मुलं मतिमंद ठरत होती. फॉयरश्टाइन यांनी पद्धतच बदलली. आधी प्रश्न विचारायचा, उत्तर आलं नाही तर समोर बसून शिकवायचं, मग पुन्हा तशाच प्रकारचा प्रश्न विचारायचा. मुलाला आज काय येतं यापेक्षा तो किती शिकू शकतो, हे त्यातून दिसे. मतिमंद ठरवलेली कित्येक मुलं झपाट्याने शिकताना दिसली. त्यांचं आणखी एक म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं: ज्या मुलाला घरच्या मोठ्यांनी आपली संस्कृती हाताला धरून दिलेली असते, ते मूल नवी संस्कृतीही लवकर उचलतं. ज्याला आपलीच मिळालेली नसते ते दोन्हीकडून रिकामं राहतं. हे तुमच्या कामाचं अशासाठी की पहिल्या वर्षी शाळेने मुलाची हिब्रूतून चाचणी घेऊन त्याला वेगळ्या वर्गात टाकायचं सुचवलं, तर लगेच सही करू नका. 'हिब्रू येईपर्यंत थांबा, किंवा त्याला कळणाऱ्या भाषेत चाचणी घ्या,' असं लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.

आता चांगल्या कामांकडे. १९९० च्या दशकात सोव्हिएत देशांतून जवळजवळ दहा लाख माणसं आली. त्यांच्यात गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक भरपूर, पण हिब्रू अडखळत असल्यामुळे बेकार. त्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू केले. त्यांतून मोफेत नावाची शाळांची चळवळ उभी राहिली, आणि शेवाख-मोफेत शाळेचं नाव देशभर झालं. मुलांनी पाहिलं की आपल्याच उच्चारात बोलणारा मास्तर शहाणा आहे, त्याला मान आहे. मी पाहिलेल्या सगळ्या प्रयोगांत मला हा सर्वांत सुंदर वाटतो, कारण तो मुलांना सुधारायला निघालाच नव्हता.

दुसरं काम जॉइंटचं, म्हणजे जेडीसी या अमेरिकन ज्यू मदतसंस्थेचं. मुंबईत आपण सगळे ही संस्था ओळखतो. इस्रायलमध्ये १९९८ पासून तिने 'पॅक्ट' नावाची योजना इथिओपियन कुटुंबांसाठी चालवली, लहान मुलं आणि आई-बाप एकत्र धरून. तिच्यातली मोलाची व्यक्ती म्हणजे मेगाशेर, त्याच समाजातला पगारी मध्यस्थ. तो शाळेच्या बैठकीत आईशेजारी बसतो. मूल दुभाषा राहत नाही, एवढ्या एका बदलाने घराची घडी पुष्कळशी परत बसते. तुमच्या मुलाच्या शाळेत मराठी जाणणारा मध्यस्थ बहुधा नसेल. पण दिमोना, अश्दोद, रामले, लोद, बीरशेबा या ठिकाणी आपली सिनेगॉग आहेत, तिथे हिब्रू आणि मराठी दोन्ही सफाईने बोलणारी मावशी किंवा काका शोधणं अवघड नाही. शाळेत पहिल्या दिवसापासून सांगा: आमच्या बैठकीला दुभाषा आम्ही आणू, मुलगा नाही. घरचं पत्र मुलाकडून वाचून घ्यावंच लागलं तरी निर्णय तुम्ही त्याच्यासमोर मोठ्याने घ्या.

पोहोचल्यावर काय मिळतं ते थोडक्यात. सरकारकडून सल क्लिता, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांचा खर्चाचा आधार. मोठ्यांना उलपान, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस हिब्रूचा वर्ग, साधारण पाच महिने, फुकट. पुष्कळ बाबा दोन महिन्यांत उलपान सोडून मिळेल त्या कामाला लागतात, कारण पैशाची ओढाताण असते. शक्य असेल तर असं करू नका. त्या पाच महिन्यांच्या हिब्रूवर पुढच्या दहा वर्षांचं घरातलं स्थान ठरतं. मुलांना शाळेत हिब्रूचे जादा तास आणि पुढे बगरूतच्या, म्हणजे शालान्त परीक्षेत नवागतांसाठीच्या सवलती मिळतात. या सवलती मागाव्या लागतात, आपोआप येत नाहीत. ठाण्यातल्या इंग्रजी शाळेतून येणाऱ्या मुलाची एक मोठी जमेची बाजू आहे. इंग्रजीत तो वर्गाच्या पुढे असेल, गणितातही बहुधा. इंग्रजी पाच युनिटचं, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचं घ्यायचं हे आधीच ठरवून टाका. पहिल्या वर्षी जिथे तो सगळ्यांपेक्षा कमी आहे अशा सात जागा असतील, तिथे एक जागा अशी हवी की इतर मुलं त्याला विचारायला येतात.

शाळा दुपारी एक-दोनला सुटते, आई-बाबा संध्याकाळी येतात. बिघडणं या मधल्या तासांत सुरू होतं. म्हणून आल्या आठवड्यातच मत्नासला, म्हणजे वस्तीच्या समाजकेंद्राला भेट द्या. तिथे फुटबॉल, संगीत, अभ्यासिका असं काही तरी असतं, आणि नवागतांना बऱ्याच ठिकाणी फीमध्ये सवलत असते. युवक चळवळी आहेत, स्काउट आहेत, धार्मिक घरासाठी बने अकिवा आहे. शुक्रवारची रात्र ही तिथल्या किशोरांची बाहेर पडायची रात्र. तुमच्या घरी शब्बाथचं जेवण तेव्हाच असतं. ते कधीच चुकू देऊ नका, आणि त्याच्या मित्रांना त्या जेवणाला बोलवा.

तरीही गाडी घसरलीच तर? इस्रायलमध्ये अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं आहे. मुलगा शाळेत दिसेनासा झाला की नगरपालिकेचा हजेरी अधिकारी, ज्याला सगळे काबास म्हणतात, घरी येतो. त्याला पोलीस समजून घाबरू नका, तो तुमच्या बाजूचा माणूस आहे. पण तो येईपर्यंत थांबूही नका. नाव पटावर आहे, मुलगा वर्गातही बसतो, पण महिनोन् महिने काही शिकत नाही, या छुप्या गळतीत नवागतांची मुलं जास्त सापडतात आणि ती हजेरीपत्रकात दिसत नाही. बहुतेक नगरपालिकांत चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी किदुम नोअर हा विभाग असतो. तिथला कार्यकर्ता मुलाला मैदानावर, बाकावर, जिथे असेल तिथे जाऊन भेटतो, आणि शाळा पूर्ण सुटली असेल तर हिला नावाच्या कार्यक्रमातून उरलेली इयत्ता पूर्ण करता येते. एलेम ही स्वयंसेवी संस्था रात्री व्हॅन घेऊन मुलं जमतात तिथे उभी राहते. चहा, गप्पा, ऐकून घेणं, जबरदस्ती काही नाही. कल्याण खात्याची मदतवाहिनी ११८ आणि मानसिक आधारासाठी एरानची १२०१ हे क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा. २००६ मध्ये श्मिड समितीने धोक्यातल्या मुलांवर जो अहवाल दिला त्याचा भरही घराजवळच्या, वस्तीतल्या मदतीवर होता. तोवर पैसा फार मोठ्या प्रमाणात मुलांना घराबाहेर ठेवण्यावर जात होता.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण नातेवाईक नक्की सुचवतील. 'मुलाला आधी एकट्याला पाठवा, नाआलेमधून. शिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत, तुम्ही नंतर या.' नाआले १९९२ च्या सुमारास सोव्हिएत देशांतल्या मुलांसाठी सुरू झाली, आई-बापांच्या आधी येऊन शिकायची योजना म्हणून, आणि आता इतर देशांतल्या मुलांसाठीही आहे. ती वाईट नाही. स्वतःहून जायला उत्सुक, अभ्यासू, सोळाच्या आसपासच्या मुलाला ती फार चांगली लाभते. पण तुमचा मुलगा चौदाचा, आणि तुम्ही वर्षभरात येणारच आहात. माझा सल्ला आहे, एकत्र या.

वसतिगृह असलेलं युवाग्राम मात्र मनातून पूर्ण काढू नका. घरात रोजची भांडणं असतील, वस्ती वाईट असेल, तर चांगलं युवाग्राम मुलाला तारतं. हैफाजवळ कार्मेल डोंगरावरचं येमिन ओर्द हे १९५३ चं युवाग्राम मला आदर्श वाटतं. खाईम पेरी यांनी अनेक वर्षं ते चालवलं. इथिओपियन मुलांनी आपला सिग्द सण तिथे अभिमानाने साजरा करावा, मूळ नाव टाकू नये, आणि अठरा पूर्ण झाल्यावरही सैन्यातून सुट्टीला आल्यावर हे घर उघडं असावं, असा त्यांचा आग्रह. (सिग्दला सरकारी मान्यता पुढे २००८ मध्ये मिळाली.) त्याच धर्तीवर रवांडात वंशसंहाराने अनाथ झालेल्या मुलांसाठी अगाहोझो-शालोम युवाग्राम उभं राहिलं. युवाग्राम पाहायला जाल तेव्हा इमारती पाहू नका, तिथल्या मद्रिखला एकच प्रश्न विचारा: 'आई-बाप इथे किती वेळा येतात आणि आल्यावर काय करतात?' सणाला येऊन स्वयंपाक करतात, शब्बाथला राहतात, असं उत्तर आलं तर जागा चांगली. 'गरज पडली तर फोन करतो' असं आलं तर दुसरी जागा पाहा.

निघण्याआधीचं वर्ष तुमच्या हातात आहे, आणि त्या वर्षाचा मोठा भाग मुलांवर खर्च करू नका, बाबांच्या हिब्रूवर करा. मुंबईत जॉइंटच्या समाजकेंद्रात आणि ऑर्ट या ज्यू शिक्षणसंस्थेत चौकशी करा, ठाण्याच्या शआर हाशामाइम सिनेगॉगमध्ये विचारा, हिब्रू शिकवणारं कुणी ना कुणी सापडेल. बाबांचे अनुभवाचे दाखले, प्रमाणपत्रं, मुलांच्या शाळेची गेल्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाच्या नोंदी मूळ प्रतींसह हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नाही.

मुलीची काळजी तुम्ही केलेली नाही, आणि नऊ वर्षांच्या मुली खरोखरच पटकन रुळतात. तिच्या बाबतीत फक्त मराठी सांभाळा. दोन वर्षांत ती तुमच्याशी हिब्रूतच बोलू लागेल, तेव्हा तुम्ही उत्तर मराठीतच द्या. आजीशी आठवड्यातून ठरलेला फोन ठेवा. मोठा झालेला भाऊ घरात अबोला धरतो तेव्हा आईपर्यंत गोष्ट आणणारी बहुतेक वेळा धाकटी बहीण असते, आणि ती गोष्ट तिला तुमच्या भाषेत सांगता यायला हवी.

शेवटी गाव निवडण्याबद्दल. एजन्सीचा माणूस घरभाडं कमी असलेलं गाव सुचवेल. भाड्याबरोबर दोन गोष्टी पाहा: पायी जाता येईल अशा अंतरावर आपलं सिनेगॉग आहे का, आणि मुलाच्या शाळेत नवागतांसाठी वेगळा समन्वयक आहे का. या दोन्हीची उत्तरं होकारार्थी असतील तर थोडं जास्त भाडं द्या. शाळेचं नाव कळलं की मला कळवा, समन्वयकाला विचारायचे प्रश्न मी हिब्रूत लिहून देईन.